वाचकांचे प्रश्न : जुनी मनगटी घड्याळं

प्रश्न : संग्राहक मंडळाच्या अदलाबदलीत १९५०च्या दशकातलं, हाताने चावी द्यायचं घड्याळ मिळतंय. चालू आहे, टिकटिक स्वच्छ आहे. घ्यावं का?

उत्तर : टिकटिकीवर जाऊ नका. तेल सुकलं तरी मशीन चालतं, पण त्या चिकट्यात धूळ मिसळून चाकांच्या दांड्यांची टोकं झिजत राहतात. मंडळात कुणाकडे टाइमग्राफर (टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणारं यंत्र) असल्यास पूर्ण चावी देऊन, तबकडी वर ठेवून बॅलन्सचा, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाचा, झोका मोजा. आधी त्या कॅलिबरचा, म्हणजे मशीनच्या मॉडेलचा, लिफ्ट अँगल (झोक्याचं गणित करायला लागणारा कोन) भरा. टाइमग्राफरमध्ये बहुधा ५२ अंश धरलेले असतात आणि तो चुकला की आकडा फसवा येतो. झोका २७० ते ३०० अंश उत्तम, २२०च्या खाली सर्व्हिसिंग अटळ. दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जाणाऱ्या घड्याळाची मात्र धास्ती नको. बहुतेकदा हेअरस्प्रिंगची (बॅलन्सवरच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची) वेटोळी चुंबकत्वाने किंवा तेलाने एकमेकांना चिकटलेली असतात.

खरी पारख तबकडीची. चाकं, स्प्रिंग त्याच कॅलिबरच्या बंद मशीनमधून काढता येतात. मूळ तबकडी एकदा पुन्हा रंगवली की गेलीच. दहापट भिंगातून अक्षरांच्या कडा पाहा. पसरट अक्षरं, सेकंदाच्या छोट्या वर्तुळाच्या सरकलेल्या रेघा, तळाशी गायब झालेला मजकूर ही फेररंगाची लक्षणं. त्याच मॉडेलचं घड्याळ दुसऱ्या सभासदाकडून मागून शेजारी ठेवा. मंडळाचा याहून मोठा उपयोग नाही.

प्रश्न : मशीन स्वतः उघडून साफ करायचं आहे. काय सांभाळावं?

उत्तर : हात आधी निकामी मशीनवर बसवा. सुरुवातीलाच मुख्य स्प्रिंगचा ताण उतरवा : चावी बोटांत घट्ट धरून क्लिक (स्प्रिंग उलगडू न देणारी छोटी खिटी) बाजूला करा आणि चावी हळूहळू उलटी फिरू द्या. हे न करता पॅलेट फोर्क (चाकांना ठोक्याठोक्याने अडवणारा-सोडणारा छोटा काटा) काढला, तर सगळी चाकं सुसाट फिरतात आणि दात किंवा टोकं मोडतात.

पॅलेट फोर्क आणि बॅलन्स अल्कोहोलमध्ये भिजवू नका. त्यांचे छोटे खडे शेलॅकने (लाखेने) चिकटवलेले असतात आणि शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं. तिथे पेट्रोलियम जातीचा क्लीनर वापरा. जोडताना ब्रिज (चाकं वरून धरणारी पट्टी) बोटाने हलका दाबून चाकं मोकळी फिरतात का ते पाहा, मगच स्क्रू आवळा. सर्वाधिक टोकं इथेच मोडतात.

तेलाबाबत हात आखडता ठेवा. दांड्याचं टोक ज्यात फिरतं त्या खड्याच्या वाटीत अर्ध्याच्या थोडं वर, बस. जास्त झालं की ते पसरतं आणि टोक कोरडं पडतं. जलद चाकांना मोबियस ९०१० सारखं पातळ तेल, संथ चाकांना दाट. पॅलेट फोर्कची टोकं कोरडीच ठेवा, तिथलं तेल झोका कमी करतं.

प्रश्न : आकड्यांवरचा चमकणारा रंग तपकिरी झालाय. खरवडून नवा लावू?

उत्तर : अजिबात नाही. १९६०च्या दशकापूर्वीचा रंग बहुधा रेडियमचा असतो. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे. खरवडलेली धूळ श्वासातून आत जाणं हा मुख्य धोका. तबकडीवरच्या ‘स्विस’ शब्दाच्या दोन्ही बाजूंना ‘टी’ अक्षर असेल तर रंग ट्रिटियमचा, तुलनेने सौम्य. तरी खरवडू नयेच. रंगाचे कण सुटलेले दिसले तर घड्याळ न उघडता हवाबंद पिशवीत ठेवा.