जुने क्वाड इएसएल-५७ स्पीकर (क्वाड कंपनीचे इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे विद्युतभारावर चालणारे) १२ बाय १५ फुटांच्या खोलीत कसे लावावेत? कोल्हापूरच्या पावसात ते टिकतील का?

टिकतील. माझे टिकलेत. पहिल्याच पावसाळ्यात मी त्यांची वाट लावायला निघालो होतो, ते पुढं सांगतो.

तुम्ही लिहिलंय की मामांकडून जोडी मिळाली, राजारामपुरीतल्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली आणि 'बासच नाही', म्हणजे खालचे घुमणारे सूरच नाहीत, असं वाटतंय. मग आधी ते भिंतीपासून चार फूट पुढं ओढा. डब्याचा स्पीकर भिंतीजवळ नेला की बास फुगतो, याचं नेमकं उलटं. याला मागं डबाच नाही. दोन सच्छिद्र प्लेटांच्या मधे ताणलेली पातळ फिल्म हलते, आणि पुढं जितका आवाज जातो तितकाच उलट्या फेजमध्ये, म्हणजे पुढं हवा दाबली जाते तेव्हा मागं ओढली जाते अशा रीतीनं, मागं जातो. मागचा आवाज भिंतीवरून परत आला की पुढच्याच्या बासला खातो.

१२ फुटांच्या भिंतीसमोर ठेवा, तोंड खोलीच्या लांबीकडं. चार फूट मागं सोडले तरी खुर्चीला सात-आठ फूट मिळतात आणि खुर्चीमागंही थोडी हवा राहते. बाजूच्या भिंतींची फार काळजी नको, कारण कडेला आवाज जवळजवळ जातच नाही. स्पीकर चालू ठेवून अगदी त्याच्या कडेच्या रेषेत उभं राहून बघा, आवाज बसल्यासारखा होतो.

मागच्या भिंतीवर मी पट्टणकोडोलीच्या जत्रेतून आणलेलं घोंगडं दुहेरी करून, भिंतीपासून वीतभर पुढं टांगलंय. वरच्या सुरांची चुरचुर कमी झाली. बासवर त्याचा काडीचा उपयोग नाही. आधी उत्साहात चारही भिंतींवर चादरी लावल्या होत्या, तेव्हा तानपुरा कपाटात वाजतोय असं वाटायला लागलं. काढल्या सगळ्या.

हे स्पीकर जेमतेम अडीच फूट उंच. मूळ पायांवर ते मागं कललेले असतात आणि गाणारा जमिनीवर मांडी घालून बसल्यासारखा वाटतो. बैठकीला ते शोभतंही म्हणा! मी उद्यमनगरात चौकोनी पाइपचे फूटभर उंचीचे स्टँड वेल्डिंग करून घेतले, स्पीकर उभे सरळ केले. माझ्या मते पैशाच्या मानानं सगळ्यात मोठा फरक याच कामानं पडला.

आता पाऊस. आमचं घर शुक्रवार पेठेत, पंचगंगेपासून फार लांब नाही. पहिल्या जुलैत खिडक्या उघड्या टाकून, पंखा लावून ऐकत बसलो होतो. डावीकडून टिक... टिक... यायला लागलं. मला वाटलं रेकॉर्ड खराब आहे. दिवा मालवला तर जाळीच्या आत निळसर ठिणगी. त्या फिल्मचे आत वेगवेगळे भाग, म्हणजे पॅनेल असतात: बास पॅनेलवर सुमारे ६,००० व्होल्ट, ट्रेबलवर (वरच्या सुरांच्या) सुमारे १,५००. विद्युतभार धूळ ओढतो, धुळीत ओल मुरली की वीज तिथून वाट काढते. तेव्हापासून जून ते सप्टेंबर खिडक्या बंद, पंखा बंद आणि आधी तासभर डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र). त्याच्या टाकीतलं पाणी बघितलं की आपण काय श्वास घेतोय ते कळतं.

टिकटिक आली की लगेच बंद करा. मागचं कव्हर स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत भार राहतो. थ्री-पिनचं अर्थिंग खरं आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. मागच्या व्होल्टेज सेटिंगवरही त्यालाच नजर टाकायला सांगा. आमच्याकडं रात्री उशिरा व्होल्टेज चढतं आणि त्याबरोबर आतलंही चढतं, म्हणून मी स्टॅबिलायझर लावलाय.

अ‍ॅम्प्लिफायर मोठा घेऊ नका. हे स्पीकर १९५७ साली आले तेव्हा क्वाडचाच १५ वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प त्यांना जोडत. अ‍ॅम्पकडून यांना जास्तीत जास्त सुमारे ३३ व्होल्ट पीक (क्षणभराची कमाल उसळी) चालतात. त्याच्या वर गेलात की ट्रेबल पॅनेल पहिलं जातं, आणि ते मिळवणं म्हणजे दिव्यच. शिवाय वरच्या सुरांकडं इम्पिडन्स (अ‍ॅम्पला होणारा विजेचा अडथळा) २ ओहमच्या आसपास उतरतो, तो प्रत्येक अ‍ॅम्पला झेपत नाही. गणपतीत गल्लीला ऐकू जावं असा विचार असेल तर दुसरं काहीतरी घ्या.

शेवटची जुळवणी कानानं करा. मी केसरबाई केरकरांचं जुनं मोनो (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज देणारं) ध्वनिमुद्रण लावतो. आवाज दोन्हींच्या बरोबर मधे, एका जागी उभा राहिला पाहिजे. एकेक स्पीकर चार बोटं आत वळवत जा. खुर्ची मात्र एकच जमते. शेजारी बसलेल्याला अर्धं गाणं मिळतं, त्यावरून आमच्या घरी अजून कुरबुर आहे.

आवाज मधे न येता सतत एकीकडं झुकत असेल तर दोन्ही स्पीकरच्या जागा बदला. झुकावही स्पीकरबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर खोलीचा दोष नाही, एका स्पीकरचं पॅनेल किंवा आतला रेक्टिफायर (पॅनेलला विद्युतभार पुरवणाऱ्या विजेचा भाग) थकलाय. पण हा निवाडा करण्याआधी ते रात्रभर नुसते प्लगला लावून ठेवा. बरीच वर्षं पडून असले तर पूर्ण चार्ज व्हायला त्यांना वेळ लागतो, आणि माझे पहिल्या संध्याकाळी दोन्ही मेल्यासारखेच वाटले होते.