ट्रॅफिकमध्ये १०२ अंश दिसले म्हणून थर्मोस्टॅट काढू नका

तुमच्या ओबीडी रीडरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं तापमान हायवेला ८८ आणि ट्रॅफिकमध्ये १०२ अंश दिसतं, डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मात्र मधोमध, आणि मेकॅनिक म्हणतोय थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावरच कूलंटला रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकू. आधी त्याला थांबवा.

पाणी १०० अंशांना उकळतं हे डोक्यात पक्कं असतं, म्हणून १०२ बघून धडकी भरते. पण निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी असं कूलंट उघड्यावरही साधारण १०७ ला उकळतं. रेडिएटरच्या (किंवा कूलंटच्या टाकीच्या) झाकणाने एक बारच्या आसपास दाब धरला की तेच १२५ च्या पुढे जातं. त्यामुळे झाकणाचं रबर कडक झालंय का, ते आधी बघा. स्वस्तातलं काम आहे आणि सगळे तेच विसरतात. काट्याचं म्हणाल, तर बऱ्याच गाड्यांत तो मुद्दामच सुस्त ठेवलेला असतो. ८० काय नि १०० काय, तो जागचा हलत नाही.

आकडा कधी चढतो आणि परत उतरतो का, हे महत्त्वाचं. उभ्या गाडीत १०० च्या आसपास रेडिएटरचा फॅन लागून आकडा पाच-सात अंश खाली येत असेल तर निवांत राहा. फॅन लागतच नसेल तर फ्यूज, रिले, मोटर तपासा. एसी लावल्यावर फॅन फिरायलाच हवा. उलट, ट्रॅफिकमध्ये ठीक पण हायवेला किंवा चढावर तापत असेल तर रेडिएटर चोंदलाय, थर्मोस्टॅट अर्धवट उघडतोय किंवा कूलंट फिरवणारा पंप थकलाय. कूलंट कमी होतंय पण गळती दिसत नाही, तर हेड गॅस्केटचा (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) संशय घ्या.

थर्मोस्टॅट काढला की इंजिन नीट गरमच होत नाही, इंधन जास्त जातं. शिवाय कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तोच नसेल तर गरम कूलंटचा काही भाग रेडिएटरला न शिवताच परत इंजिनात जातो आणि लोडवर गाडी आणखी तापते! शंका असेल तर त्याच रेटिंगचा, म्हणजे तितक्याच अंशांना उघडणारा नवा टाका.

कधी खरंच तापली तर एसी बंद, हीटर फुल, गाडी बाजूला. कूलंट वाहून गेलं असेल तर इंजिन लगेच बंद करा. अशा वेळी सेन्सर कोरडा पडून आकडा खालीही येऊ शकतो, त्यावर विसंबू नका. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडा.

तूर्त फॅन किती अंशांना लागतो आणि कितीला बंद होतो, तेवढं बघून सांगा.