‘आटपाट नगर होतं’ आणि ‘कोणे एके काळी’ यांत फरक काय?

तुम्ही विचारलंय की या दोन सुरुवातींत फरक काय आणि मुलांना गोष्ट सांगताना कुठली वापरावी. माझ्या मते फरक बराच मोठा आहे. ‘आटपाट नगर’ आलं ते कहाण्यांमधून. श्रावणात घरोघरी वाराप्रमाणे ज्या व्रताच्या कहाण्या वाचतात, त्या. आणि तिथेही ते पहिलं वाक्य नसतं.

आधी असते हाक. ‘ऐका आदित्यराणूबाई तुमची कहाणी’, ‘ऐका बुधबृहस्पतींनो तुमची कहाणी’. घरातली माणसं हातात अक्षता धरून बसलेली असतात, पण सांगणारी बोलते देवाशी. ज्याची कहाणी, त्यालाच ती ऐकवायची. दिव्यांच्या अवसेला, म्हणजे आषाढी अमावास्येला, घासूनपुसून मांडलेल्या दिव्यांना ‘ऐका दीपकांनो’ म्हणतात. त्या कहाणीत दिवेच झाडावर जमतात आणि कुणाच्या घरी आपला कसा मान झाला ते एकमेकांना सांगतात. ते राजाच्या कानावर पडतं, म्हणून घराबाहेर काढलेली सून परत येते. सांगणं आणि ऐकणं याला कहाणीत एवढी किंमत आहे. गोंधळीसुद्धा आधी तुळजापूरच्या भवानीला, जेजुरीच्या खंडोबाला नाव घेऊन गोंधळाला बोलावतात, तमाशातही पहिला गण, म्हणजे गणपतीची स्तुती, होतो. कहाणीतली हाक मला त्यांच्याच नात्यातली वाटते.

हाकेनंतर येतं आटपाट नगर. ‘आटपाट नगर होतं. तिथं एक राजा होता. त्याला दोन राण्या होत्या. एक आवडती, एक नावडती.’ नगर कुठलं, राजा कोण, काही सांगत नाहीत. पण काळ बघा. ‘फार फार वर्षांपूर्वी’ असं कहाणी म्हणत नाही. चार वाक्यांत नावडतीला उष्टं अन्न, जाडंभरडं नेसायला, गुरांचं बेडं राहायला मिळतं, आणि लगेच येतं: ‘पुढं श्रावणमास आला. पहिला सोमवार आला.’ ऐकणारीच्या घरीही त्या दिवशी श्रावणातला सोमवारच असतो! नावडती शिवामूठ वाहते, पहिल्या सोमवारी तांदूळ, मग तीळ, मूग, जव आणि पाचवा सोमवार आला तर सातू. लग्नानंतरची पहिली पाच वर्षं हे व्रत करणारी मुलगी तेच धान्य मुठीत घेऊन देवळात जाते. नगर कुणाचंच नाही, पण वार आणि महिना आपलाच. ‘कोणे एके काळी’ म्हटलं की गोष्ट लांब जाते. कहाणीला ती लांब जायला नकोच असते, म्हणूनच शेवटी ‘तसा तुम्हां आम्हां होवो’ म्हणतात.

मला स्वतःला सगळ्यांत आवडते ती रविवारची, आदित्यराणूबाईची. तिच्यातली राणी कहाणी सांगायची म्हणून गावात उपाशी माणूस शोधायला लावते. मोळीविक्या भेटतो. सहा मोत्यांपैकी तीन त्याला देते, तीन स्वतःकडे ठेवते. ती मनोभावे सांगते, तो चित्तभावे ऐकतो, आणि त्याची लाकडाची मोळी सोन्याची होते. कहाणीच्याच पोटात कहाणी कशी सांगावी आणि कशी ऐकावी हे दाखवलेलं आहे. घाईघाईत एका दमात वाचून टाकतात तेव्हा मला वाईट वाटतं ते यामुळेच.

आता मुलांचं. चिऊकाऊच्या, म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीला ‘एक होता काऊ, एक होती चिऊ’, ‘एक होती म्हातारी’ हेच शोभतं. लगेच पात्र समोर उभं राहतं आणि पोर पुढचं विचारायला लागतं. ‘कोणे एके काळी’ राजेरजवाड्यांच्या नाहीतर परदेशी परीकथांना ठीक आहे, पण बोलताना ते मला पुस्तकी वाटतं. ‘आटपाट नगर’ तुमच्या मनच्या गोष्टीलाही खुशाल वापरा, त्यात काही बिघडत नाही. फक्त मग शेवटही कहाणीचाच करा: ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.’ लांबलचक कथा थोडक्यात सांगून पुरी केली, असा त्याचा भाव. एकदा सवय झाली की मुलं हे वाक्य तुमच्याबरोबर म्हणतात.

मूळ कहाण्यांपैकी एखादी सांगायची असेल तर खुलभर, म्हणजे अगदी थोड्याशा, दुधाची घ्या. राजाला महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा असतो. गावातलं सगळं दूध ओतूनही तो भरत नाही, कारण धाकापायी वासरं-मुलं उपाशी ठेवून लोकांनी ते आणलेलं असतं. एक म्हातारी घरातल्या सगळ्यांना पाजून उरलेलं खुलभर दूध घेऊन येते आणि गाभारा भरतो. चार-पाच वर्षांच्या मुलालाही हे न समजावता कळतं. कहाण्यांच्या छापील पुस्तिका श्रावणाच्या तोंडावर पूजेच्या सामानाच्या दुकानांत मिळतात. भाषा जुनी आहे, पण ती सोपी करत बसू नका, आहे तशी मोठ्यानं वाचा.