हुकूमशाहीत शिल्पकाराला काम नाकारता येत होतं का?

धुळ्याच्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: प्रागमधला स्टॅलिनचा पुतळा करणाऱ्या शिल्पकाराने आत्महत्या केली असं वाचलं, मग त्याने ते काम आधीच का नाकारलं नाही? आणि ज्यांनी सरकारचं ऐकलं नाही त्यांचं काय झालं?

आधी सामानाचा हिशोब बघा, अर्धं उत्तर त्यातच आहे. दहा फुटी उभा पुतळा धरा. आतला लोखंडी सांगाडा, त्यावर दीड-दोन टन शाडू, मग प्लास्टरचा साचा, आणि शेवटी पाचशे किलो ते टनभर ब्राँझ. ब्राँझमध्ये शंभरात साधारण ८५ भाग तांबं आणि पाच-पाच भाग कथील, जस्त, शिसं. शिवाय ओतकामाची भट्टी, क्रेन, चौथरा, जागा. प्लास्टरपर्यंतचं काम माणूस स्वतःच्या शेडमध्ये, स्वतःच्या खर्चाने करू शकतो. त्यापुढचं सगळं दुसऱ्याच्या हातात असतं, आणि हुकूमशाहीत तो दुसरा म्हणजे सरकार. तांबं आणि कथील तर युद्धाचा माल, त्याचा कोटा आधी बंद होतो.

जर्मनीत १९३३ साली नाझी सरकारचं सांस्कृतिक मंडळ स्थापन झालं. त्याचं सदस्यत्व नसेल तर व्यवसाय करायलाच बंदी. सोव्हिएत संघात १९३२ च्या ठरावाने कलावंतांचे स्वतंत्र गट मोडले आणि सरकारमान्य संघटना उरली. काम, स्टुडिओ, सामान सगळं तिच्यामार्फत. म्हणजे काम नाकारणाऱ्याला तुरुंगात टाकायची गरजच नव्हती. त्याला शाडूपाशी थांबवलं की पुरे. मे महिन्यात जळगावच्या उन्हात ओलं गोणपाट न टाकलेला शाडू दोन दिवसांत भेगाळतो, हे तुम्हाला सांगायला नको. शाडूतलं काम टिकत नाही.

आता प्रागचा माणूस. ओटाकर श्वेत्स, जन्म १८९२. त्याचं १९२४ चं मोटारसायकलस्वाराचं शिल्प शोधून बघा: वेग दाखवणारं, हलकं काम आहे. १९४९ मध्ये स्टॅलिनच्या स्मारकाची स्पर्धा जाहीर झाली. नावाजलेल्या शिल्पकारांना भाग न घेणं परवडणारं नव्हतं, आणि श्वेत्स जिंकला. पुढे लेत्नाच्या टेकडीवर जे उभं राहिलं ते सुमारे १५.५ मीटर उंच, २२ मीटर लांब आणि १७,००० टनांचं काँक्रीट-ग्रॅनाइटचं स्मारक. पुढे स्टॅलिन, मागे दोन ओळींत कामगार, शेतकरी, सैनिक. लोक त्याला मटणाच्या दुकानापुढची रांग म्हणायचे.

अशा कामात चूक कुठे होते तेही समजून घ्या. लहान नमुना दहापट वाढवला की नमुन्यातली एक मिलिमीटरची चूक एक सेंटिमीटरची होते. म्हणून नमुना मंजूर व्हायच्या आत सगळा बदल शाडूत करून घ्यावा लागतो. शाडूत खांदा उतरवायला एक दिवस पुरतो, ग्रॅनाइटमध्ये तो नवा दगड मागवण्याइतका महाग पडतो. पण सरकारी समितीला पुतळा मोठा दिसू लागल्यावरच धीट मतं सुचतात. आपल्याकडे पुतळ्याच्या क्ले मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता लागते. ती कितीही त्रासाची वाटली तरी शिल्पकार तिथे वाद घालू शकतो, कंत्राट सोडू शकतो. श्वेत्सला मधूनच बाहेर पडायची वाट नव्हती. त्याच्या बायकोने १९५४ मध्ये जीव दिला, त्याने १९५५ मध्ये, अनावरणाच्या काही आठवडे आधी. अनावरण १ मे १९५५ ला झालं. पुढच्याच वर्षी स्टॅलिननंतरचा सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने स्टॅलिनवर टीका केली, आणि १९६२ मध्ये सुमारे ८०० किलो स्फोटकं लावून स्मारक उडवलं. माझ्या मते त्याला भित्रा म्हणणं फार सोपं आहे, आणि चुकीचं आहे.

ज्यांनी मान तुकवली त्यांचं काय? आर्नो ब्रेकर हिटलरचा आवडता शिल्पकार. १९४८ मध्ये त्याला १०० मार्क दंड झाला, नंतर उद्योगपतींचे पुतळे करत तो १९९१ पर्यंत जगला. यापेक्षा जास्त जागा त्याला द्यावीशी वाटत नाही.

ज्यांचं सरकारशी पटलं नाही त्यांच्यातल्या अर्न्स्ट बार्लाख या जर्मन शिल्पकाराकडे मात्र नीट बघा. त्याचा ब्राँझचा तरंगता देवदूत १९२७ पासून जर्मनीतल्या ग्युस्ट्रो गावच्या चर्चमध्ये टांगलेला होता. नाझी राजवटीत १९३७ मध्ये तो उतरवला आणि पुढे वितळवला. बार्लाख १९३८ मध्ये वारला. पण प्लास्टरचा मूळ नमुना शिल्लक होता. त्यावरून १९३९ मध्ये मित्रांनी गुपचूप दुसरं ओतकाम करून घेतलं आणि ते खेड्यात लपवून ठेवलं. युद्धानंतर तो देवदूत कोलोनच्या चर्चमध्ये लागला, आणि त्याच्यावरून साचा घेऊन १९५३ मध्ये तिसरा देवदूत ग्युस्ट्रोला परतला.

म्हणून शिल्प शिकत असाल तर प्लास्टरची काळजी घ्या. एकदाच वापरायचा साचा फोडला की एकच प्रत मिळते. तुकड्यांचा साचा असेल तर पुन्हा प्रत काढता येते. आत काथ्या घाला. सळया घातल्या तर आधी लाखेचा हात द्या, नाहीतर त्या गंजून फुगतात आणि प्लास्टर तडकतं. पावसाळ्यात प्रत जमिनीला टेकवू नका, फळीवर ठेवा, कारण ओल ओढली की नाक-बोटांच्या कडा आधी झडतात. साच्याचे तुकडे खुणा करून, बांधून ठेवा. त्यांच्यावर नंबर नसले तर दहा वर्षांनी ते जुळवणं अवघड जातं.

सोव्हिएत संघातला शिल्पकार अर्न्स्ट नेइझवेस्तनी १९६२ मध्ये मॉस्कोच्या प्रदर्शनात थेट ख्रुश्चेव्हशी भांडला. ख्रुश्चेव्ह १९७१ मध्ये वारल्यावर त्याच्या घरच्यांनी थडग्याचं काम त्यालाच दिलं. १९७५ मध्ये ते उभं राहिलं: अर्धा काळा दगड, अर्धा पांढरा, मध्ये डोकं. पुढच्याच वर्षी नेइझवेस्तनीने देश सोडला.