चौथीच्या वर्गाला व्याकरण आधी शिकवावे की माहितीलेखन?

आपण विचारले आहे की चौथीच्या मुलांना व्याकरण, माहितीपर उताऱ्यांचे वाचन आणि माहितीलेखन या तिन्ही गोष्टी शिकवताना सुरुवात कोठून करावी, आणि व्याकरणासाठी वेगळी तासिका ठेवावी का. सांगली जिल्ह्यातील मिरज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी 19 वर्षे शिकवत आहे. माझे मत असे की सुरुवात मुलांना माहीत असलेल्या विषयावरील लेखनापासून करावी आणि ते लेखन जेथे अडेल तेथे व्याकरण शिकवावे. वेगळ्या तासिकेची गरज मला वाटत नाही.

पहिली काही वर्षे मी नेमके उलट केले. शब्दांच्या आठही जाती व्याख्यांसह पाठ करून घेतल्या. ‘उभयान्वयी अव्यय’ (म्हणजे दोन शब्द किंवा वाक्ये जोडणारा शब्द) हे नाव मुले न अडखळता म्हणत, पण वहीत मात्र ‘हळद काढली. हळद शिजवली. हळद वाळवली.’ अशी सुटी वाक्ये असत. आता मी फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे आमच्याकडे हळदीची काढणी चालू असताना, हाच विषय घेतो. मुलांनी आधी प्रश्न काढायचे, मग ते घरी विचारून यायचे. शिजवतात का, वाळायला किती दिवस लागतात, बेणे कोठून येते, असे प्रश्न निघतात. ‘हळद पिवळी असते’ किंवा ‘हळद मला फार आवडते’ ही वाक्ये मी बाजूला काढायला लावतो, कारण ती लिहिण्यासाठी कोणाला काही विचारावे लागत नाही. मग उरलेली वाक्ये जोडायला बसलो की ‘काढलेली हळद शिजवून दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवतात, कारण ओली राहिली तर तिला बुरशी लागते’ असे वाक्य तयार होते. ‘कारण’ हा शब्द तेथे काय काम करतो, हे मुलांनी स्वतः पाहिलेले असते. त्याचे नाव नंतर सांगितले तरी चालते. येथे ‘वाळवली जाते’ असे लिहायला मी सहसा शिकवत नाही, कारण मराठीत ‘वाळवतात’ एवढे पुरते.

एका मुलीने लिहिले होते, ‘आजी म्हणती, हळद शिजिवल्याबिगर इकत न्हाईत.’ माहिती कामाची होती, म्हणून त्यावर लाल रेघ न ओढता मी फळ्यावर ‘घरात’ आणि ‘वहीत’ असे दोन रकाने केले आणि दुसऱ्या रकान्यातील वाक्य वर्गाकडून काढून घेतले. आजीची भाषा चुकीची ठरवली, तर दुसऱ्या दिवशी ती मुलगी आजीला काही विचारणार नाही.

वाचनासाठी मी पावसाळ्यातील बातम्या आणतो. सांगलीतील आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे, आणि ऑगस्ट 2019 च्या पुरात पाणी 57 फुटांच्याही वर गेले होते, हे आकडे तक्त्यात मांडून मी विचारतो की धोका पातळीच्या किती फूट वर पाणी गेले, आणि ‘भयंकर पूर’ हे शब्द आकडा सांगतात की लिहिणाऱ्याचे मत. काही मुले 45 फूट म्हणजे घरात शिरलेले पाणी असे समजतात. आकडा कशाचा आहे हे तक्त्याच्या शीर्षकातून शोधायला लावले की शीर्षक वाचायची सवय लागते, आणि माहितीपर वाचनात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच.

त्याच बातमीत शुद्धलेखनाचा एक नियमही हाती लागतो. पूर-पुराचे, पूल-पुलाजवळ, ऊस-उसाला, पीक-पिकाला या जोड्या मुलांनी अधोरेखित केल्या की प्रत्यय लागताना मधला दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो, हे तीच सांगतात. कोणीतरी ‘शरीर-शरीरात’ काढतेच. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद आहेत, एवढे सांगून पुढे जावे.

तपासताना एका वेळी एकाच प्रकारची चूक धरावी. पहिल्या लेखनात मी फक्त ‘हे कोणाला विचारलेस?’ असे समासात लिहितो, आणि ऱ्हस्व-दीर्घाला दुसऱ्या लेखनात हात घालतो.