वाचकांचे प्रश्न: जुन्या अ‍ॅक्शन फिगरचं रंगकाम

प्रश्न: पावणेचार इंची जुन्या फिगरला (हातपाय हलणाऱ्या खेळण्यातल्या बाहुल्याला) डबीतला एनॅमल स्प्रे मारला. हातपाय दुसऱ्या दिवशी सुकले, पण डोकं तीन आठवड्यांनीही चिकटच आहे. रंग खराब निघाला का?

उत्तर: रंग ठीक आहे, पण त्या प्लास्टिकवर तो चालत नाही. अशा फिगरचं डोकं बहुधा मऊ पीव्हीसीचं असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य घातलेलं असतं. हे द्रव्य एनॅमलच्या थरात उतरतं आणि थर कडक होऊच देत नाही. उन्हात ठेवा, नाहीतर हेअर ड्रायर फिरवा, काही फरक पडणार नाही. वरून वार्निश मारलं तर तेही चिकट राहील.

रंग काढावाच लागेल. ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल इअरबडवर घ्या आणि थोडं थोडं पुसत जा. आधी तळपायावर चाचणी करा, कारण कारखान्यातला मूळ रंगही निघू शकतो. डोकं अल्कोहोलमध्ये भिजत ठेवू नका. प्लास्टिसायझर निघून जातो आणि पीव्हीसी कडक पडतं. नेलपॉलिश रिमूव्हर तर नकोच. ‘अ‍ॅसिटोन नाही’ असं लिहिलेल्या बाटलीत बहुधा एथिल अ‍ॅसिटेट असतं आणि तेही एबीएस या कडक प्लास्टिकचे हातपाय विरघळवतं.

मग कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि मऊ टूथब्रशने धुवा, पूर्ण वाळू द्या आणि त्यानंतर बोट लावू नका. पाण्यात मिसळणाऱ्या अ‍ॅक्रिलिक-पॉलियुरेथेन प्रायमरचा एक पातळ हात द्या आणि २४ तास थांबा. त्यावर अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन-तीन पातळ हात पुरतात. एकच जाड हात दिला की नाकाडोळ्यांचे बारकावे बुजतात.

प्रश्न: बंदुकीवर कुठलाच रंग टिकत नाही, नखाने सोलून निघतो. असं का?

उत्तर: ती पॉलिथिलिन किंवा पॉलिप्रॉपिलिनची असावी. साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात बुडवून हवेचे बुडबुडे झटका आणि सोडा. तरंगली तर याच दोहोंपैकी एक. एबीएस आणि पीव्हीसी पाण्याहून जड, ते तळाला जातात. पोकळ भागावर ही परीक्षा फसते. तरंगणाऱ्या प्लास्टिकला आधी रंगाची पकड वाढवणाऱ्या अ‍ॅडहेजन प्रमोटरचा हात लागतो. तरीही हातात घेऊन खेळलात तर कडांवरचा रंग जाणारच. आमचं मत विचाराल तर असं शस्त्र मूळ रंगातच राहू द्यावं.

प्रश्न: गुडघे आणि खांदे रंगवले की दोनदा हलवल्यावर पोपडे निघतात. उपाय?

उत्तर: सांध्यात जागाच नसते. प्रायमर, रंग, वार्निश मिळून जो थर होतो तो फटीत मावत नाही आणि खरवडला जातो. घासणाऱ्या पृष्ठभागांवर रंग नकोच. तिथे मास्किंग टेप लावा. रंगवणं भागच असेल तर तो भाग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने आधी किंचित उतरवा. घासताना पेपर ओला हवा: जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसं असू शकतं, त्याची धूळ उडू देऊ नका.

१९८२ पासूनच्या जी. आय. जो या खेळणी-मालिकेतल्या लहान फिगरचं हे काम सोपं आहे. पाठीतला स्क्रू काढला की धड उघडतं आणि भाग सुटे रंगवता येतात. आतली रबरी ओ-रिंग एवढ्या वर्षांत तडकलेली असते, ती त्याच वेळी बदला. स्टार वॉर्सच्या केनर कंपनीने काढलेल्या जुन्या फिगरला स्क्रू नसतो. ते धड उघडायचा प्रयत्न करू नका. जोडलेल्या फिगरचे हात वर करून एक बाजू रंगवा, सुकू द्या, मग दुसरी.

प्रश्न: डोळे नीट जमत नाहीत. ब्रश किती बारीक घ्यावा?

उत्तर: ब्रशच्या बारीकपणापेक्षा टोक महत्त्वाचं. अगदी बारीक ब्रशमधला रंग डोळ्यापर्यंत पोचेतो सुकतो. टोकदार ०० नंबर बरा. बुबुळासाठी टूथपिक घ्या, टोक रंगात बुडवा, नखावर एकदा टेकवून जादा थेंब काढा आणि मगच डोळ्याला लावा. आधी पांढरा भाग, मग बुबुळ आणि शेवटी त्वचेच्या रंगाने पापणीची कड. पांढरा बाहेर सांडला असला तरी या कडेने झाकला जातो. दोन्ही बुबुळं एका बाजूला किंचित वळवली की फिगर टक लावून बघत असल्यासारखी दिसत नाही. त्वचेचा रंग जुळवताना ठिपका सुकल्यावरच पारखा; अ‍ॅक्रिलिक सुकल्यावर गडद होतो.

प्रश्न: दुर्मिळ फिगर रंगवली तर किंमत वाढते का?

उत्तर: नाही, कमी होते. संग्राहकाला झिजलेला मूळ रंग नव्या रंगापेक्षा प्यारा. अशी फिगर फक्त धुवा. हात-पाय तुटलेल्या, सुट्या भागांच्या फिगरवर हवे तेवढे प्रयोग करा, आणि विकताना रंग नवा आहे हे स्पष्ट सांगा.