फ्रंट लोड वॉशिंग मशीनला कुबट वास येतो, धुतलेल्या कपड्यांनाही लागतो. काय करावं?

वास बहुतेक वेळा दाराच्या रबरातून येतो. त्याची घडी बोटाने उलटून बघा: केस, धागे, काळा बुळबुळीत थर. ओलं फडकं आणि जुना टूथब्रश पुरतो. पावडरचा कप्पाही बाहेर ओढून गरम पाण्यात भिजवा. त्यामागच्या खोबणीतली बुरशी सहसा कोणी पाहतच नाही.

पुढे खालच्या बाजूला छोट्या झाकणामागे फिल्टर असतो. प्लग काढा, आतलं पाणी थंड होऊ द्या, उथळ ताट सरकवा आणि फिल्टर हळूहळू उलटा फिरवा. एकदम उघडलात तर जमीनभर पाणी.

मग रिकाम्या ड्रमवर 60 अंशांची किंवा 'टब क्लीन' सायकल, पुढे महिन्यातून एकदा. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र अजिबात नको, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

एवढं करूनही डिटर्जंट जास्त आणि पाणी कायम थंड असेल तर वास परत येणारच. उरलेला साबण ड्रमच्या मागे साचतो, त्यावरच जंतू वाढतात. डिटर्जंट आधी निम्मं करून पाहा. कपडे लगेच काढा आणि दार किलकिलं ठेवा. घरात लहान मूल असेल तर मात्र लक्ष ठेवून.